कोऱ्या रात्रींचा हिशेब

सप्तर्षी तारकासमूहात सतराव्या प्रतीच्या आसपासचा एक क्वेसार आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितके तेज कमी). नाव रुक्ष, क्यू ०९५७+५६१; नुसत्या डोळ्यांना तो दिसण्याचा प्रश्नच नाही. १९७९ साली डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वायमन यांनी सहा विकलांच्या अंतरावर शेजारी शेजारी असलेल्या दोन ठिपक्यांचे वर्णपट घेतले, तर ते हुबेहूब सारखे निघाले. मूळ क्वेसार एकच होता; वाटेत आलेल्या एका दीर्घिकेने त्याचा प्रकाश वाकवून त्याच्या दोन प्रतिमा केल्या होत्या. गुरुत्वीय भिंगाचे आकाशात सापडलेले हे पहिले उदाहरण.

दोन प्रतिमांचा प्रकाश दोन वाटांनी येतो आणि दोन्ही वाटांना लागणारा वेळ सारखा नसतो. क्वेसारची तेजस्विता सतत कमी-जास्त होत असते. ती ‘अ’ प्रतिमेत आधी उमटते, ‘ब’ प्रतिमेत नंतर. मधला विलंब नेमका मोजला तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक, काढता येईल असे रेफ्सडाल या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९६४ सालीच मांडले होते. तोवर असे एकही भिंग कोणी पाहिलेले नव्हते. विलंब मोजायचा म्हणजे दोन्ही प्रतिमांचे प्रकाशवक्र, म्हणजे तारखेगणिक तेजस्वितेचे आलेख, काढायचे आणि एक आलेख दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा. चढ चढावर आणि उतार उतारावर जिथे बसेल तो विलंब. शाळकरी पोरालाही ट्रेसिंग पेपर दिला तर जमावे असे हे काम.

पण आलेख सलग नव्हते. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास सूर्य आकाशाच्या त्या भागाजवळ येतो आणि काही महिने क्वेसार दुर्बिणीच्या हाती लागत नाही. ढग, पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र, दुर्बिणीचा वेळ दुसऱ्याच कोणाला दिलेला असणे, ही कारणे वेगळी. १९८९ साली फ्रान्सच्या व्हांदेरिएस्त यांच्या गटाने आपल्या वेधांवरून विलंब काढला तो ४१५ दिवसांचा. १९९२ साली विल्यम प्रेस, जॉर्ज रिबिकी आणि जॅकलिन ह्यूइट यांनी तेच वेध घेतले, मधल्या रिकाम्या जागा संख्याशास्त्राच्या काटेकोर रीतीने भरल्या आणि पुन्हा हिशेब मांडला. उत्तर आले ५३६ दिवस, आणि चुकीची शक्यता खाली-वर पंधरवड्याच्या आत. रेडिओ दुर्बिणींच्या वेधांवरूनही त्यांना जवळपास तेवढाच आकडा मिळाला. चार महिन्यांची तफावत ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. हबल स्थिरांक विलंबाच्या व्यस्त प्रमाणात जातो, त्यामुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेगच बावीस-तेवीस टक्क्यांनी खाली येत होता.

प्रेस हे काही नवशिके नव्हते. ‘न्यूमरिकल रेसिपीज’ या ग्रंथाच्या लेखकांपैकी ते एक, आणि संगणकावर गणित कसे करावे हे भौतिकशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याच ग्रंथावरून उचलले. त्यांनी वापरलेली रीत आज ‘गॉसियन प्रोसेस’ या नावाने मशीन लर्निंगच्या वर्गांत शिकवली जाते. मग बिनसले कुठे? ५३६ दिवस म्हणजे दीड वर्षाला जेमतेम बारा दिवस कमी. एक आलेख दुसऱ्यावरून दीड वर्ष सरकवला की एकाचा वेध घेण्याचा हंगाम दुसऱ्याच्या रिकाम्या हंगामावर जाऊन बसतो. खऱ्या बिंदूसमोर खरा बिंदू फारसा येतच नाही. येतो तो भरून काढलेला. आणि भरून काढलेली रेष स्वभावाने मवाळ असते, ती कोणाशी भांडत नाही. ४१५ दिवस सरकवल्यावर मात्र बहुतेक खरे बिंदू खऱ्या बिंदूंवर येतात, मोजमापातल्या बारीकसारीक चुकांचे खटके उडतात, आणि हिशेबाला वाटते की जुळणी फिसकटली. निदान माझ्या समजुतीप्रमाणे गोम इथे होती.

वाद कागदावर मिटण्यासारखा नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेतून ‘अ’ प्रतिमा एकाएकी एक दशांश प्रतीने मंदावलेली दिसली. तोमिस्लाव्ह कुंडिच आणि सहकाऱ्यांनी ‘ब’ प्रतिमेत तीच घसरण येण्याची वाट न पाहता भाकीत छापून टाकले: विलंब ४१५ दिवसांचा असेल तर ती फेब्रुवारी १९९६ मध्ये दिसेल, ५४० च्या घरात असेल तर जूनमध्ये. घसरण फेब्रुवारीत दिसली. १९९७ साली प्रसिद्ध झालेला आकडा ४१७ दिवसांचा आहे, फरक खाली-वर तीन दिवस.

मशीन लर्निंगने तेजस्वितेच्या नोंदींतल्या रिकाम्या जागा भरण्यावरच्या पुस्तकाची प्रस्तावना या जुन्या भांडणापासून सुरू केली, कारण पुढच्या पानांतले निम्मे प्रश्न या एका प्रकरणात येऊन जातात. तंत्र वाईट नव्हते. त्याचीच सुधारलेली रूपे आज रोज वापरात आहेत. वाकडे गेले ते भरलेल्या जागांना ज्या कामाला जुंपले त्यात. माझे या विषयातले म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की यंत्राने किती सुबक रेष काढली हे मागाहून पाहावे. आधी पाहावे ते त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याने अनिश्चिततेचा किती रुंद पट्टा सोडला आहे, आणि तो पट्टा कसाला लावून पाहिला आहे की नाही.

रिकाम्या जागा सगळ्या एका जातीच्या नसतात. सर्वांत साधी रोजचीच: दिवस उजाडतो. एका ठिकाणच्या दुर्बिणीला चोवीस तासांत एकदाच रात्र मिळते, म्हणून तिच्या नोंदींत एका दिवसाचा खोटा आवर्तकाल डोकावत राहतो. यावरचा जुना आणि अजूनही उत्तम उपाय म्हणजे वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी ठेवणे. सूर्याच्या कंपनांचा अभ्यास करणाऱ्या ‘गाँग’ या जाळ्याची सहा ठिकाणे आहेत, त्यांतले एक आपल्या उदयपूरला. लडाखमधल्या हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून उभारलेली ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ पासून काम करते तीही अशाच साखळीत: कॅलिफोर्नियात उजाडले की पुढचा वेध आशियातून घ्यायचा. पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण गिरवलीला आहे, जुन्नरच्या परिसरात, आणि तिथल्या पावसाळ्याबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. अवकाशातल्या दुर्बिणीही सुटत नाहीत. केप्लर यान साधारण दर महिन्याला पृथ्वीकडे तोंड वळवून माहिती पाठवी, तेव्हा सुमारे दिवसभर तारे पाहणे बंद. टेस यानाची एक प्रदक्षिणा १३.७ दिवसांची, पृथ्वीजवळून जाताना तेही माहिती उतरवते आणि नोंदीत तेवढा खंड पडतो.

वार्षिक खंड यांहून त्रासदायक. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा रूपविकारी तारा घ्या. डाव्हिड फाब्रिसियुसने १५९६ साली पाहिल्यापासून त्याच्या नोंदी आहेत. आवर्तकाल सुमारे ३३२ दिवस; तेजाच्या शिखरावर असताना तो साध्या डोळ्यांना सहज दिसतो, तळाशी गेला की दुर्बीण लागते. वर्ष ३६५ दिवसांचे असल्यामुळे शिखर दरवर्षी महिनाभर आधी येते. एप्रिलच्या अखेरीस सूर्य त्याच्याजवळ असतो. म्हणजे साधारण अकरा वर्षांतून एकदा अशी पाळी येते की ओळीने दोन-तीन शिखरे सूर्याच्या उजेडात हरवून जातात. मीराचा स्वभाव नियमित आहे, पण यंत्रासारखा नाही. एखादे शिखर दुसऱ्या प्रतीचे, एखादे चौथ्या प्रतीचे. हरवलेली शिखरे कोणत्या उंचीची होती हे आजूबाजूच्या शिखरांवरून सांगता येत नाही. ती अमुक महिन्यात झाली असतील एवढे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. काय सांगता येते आणि काय नाही यांतला हा फरक पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल.

काक्षीचे प्रकरण तर अलीकडचे. मृग नक्षत्रातला हा लालसर तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. एरवी तो अर्ध्या प्रतीच्या आसपास असतो. जगभर चर्चा झाली, आता याचा स्फोट होणार असेही लोक बोलू लागले. मग तो पुन्हा उजळला आणि मेपासून, नेहमीप्रमाणे, सूर्याच्या आड गेला. काक्षीच्या तेजाला सुमारे चारशे दिवसांचा एक ताल आहे. त्या तालावर शिकवलेल्या कोणत्याही यंत्राला तो कोरा काळ भरायला दिला असता तर त्याने शहाण्यासारखी उजळत जाणारी रेष काढली असती. पुढचा तळ वर्षभर लांब होता ना! पण अँड्रिया डुप्री यांच्या गटाने सूर्याभोवती पृथ्वीपासून दूर वेगळ्याच ठिकाणी असलेल्या ‘स्टिरिओ’ यानाला तिकडे पाहायला लावले. त्या यानाच्या जागेवरून सूर्य काक्षीच्या आड येत नव्हता. दिसले असे की तारा त्या कोऱ्या काळातच, अपेक्षेच्या खूप आधी, पुन्हा मंदावला होता. जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांत पृथ्वीच्या कडेपलीकडे तारे सापडतात हे ध्यानात आल्यावर २०१७ पासूनचे काक्षीचे तेज त्यांतूनही काढण्यात आले. ढग पाहायला सोडलेला उपग्रह, आणि त्याच्या चित्रांच्या कडेला पडून राहिलेली काक्षीची नोंद! रिकामी जागा यंत्राकडून भरून घेण्याआधी कोणाच्या तरी कपाटात खरा वेध पडून आहे का हे शोधावे, असा माझा सल्ला या पुस्तकाच्या वाचकाला राहील. यंत्र कुठे पळून जात नाही.

आता यंत्राकडे वळू. गॉसियन प्रोसेसचे मूळ एकट्या खगोलशास्त्रात शोधून सापडणार नाही. दक्षिण आफ्रिकेतला खाण अभियंता डॅनी क्रिगे याने विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींसाठी १९५१ साली जो प्रबंध लिहिला त्यात हाच प्रश्न होता: चार-पाच ठिकाणी भोके पाडून खडकातले सोने मोजले, तर मधल्या न खणलेल्या जागेत किती असेल? फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी पुढे त्याला नीट गणिती रूप दिले आणि रीतीला क्रिगेचेच नाव पडले. जागेऐवजी काळ घातला की आपला प्रश्न तयार.

कल्पना अशी. जवळच्या दोन रात्रींचे तेज एकमेकांना धरून असते. अंतर वाढत जाते तसा संबंध विरळ होतो. तो किती दिवसांत विरतो याचा नियम आधी मांडायचा. या नियमाला कर्नल म्हणतात, आणि त्याचे आकडे उपलब्ध वेधांवरूनच ठरवतात. समजा एका ताऱ्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रात्रीच्या नोंदी १२.३ आणि १२.४ प्रतीच्या आहेत, आणि तो हळू बदलणारा आहे. दुसऱ्या रात्रीसाठी यंत्र १२.३५ च्या आसपासचा आकडा देईल आणि सोबत एक अरुंद पट्टा. आता त्यालाच शेवटच्या वेधानंतर साठ दिवसांनी काय असेल ते विचारा. तारा वीसेक दिवसांत आपली मागची स्थिती विसरणारा असेल, तर यंत्र त्याच्या सरासरी तेजाशी येऊन थांबते आणि पट्टा ताऱ्याच्या सगळ्या चढउतारांना पोटात घेईल इतका फुगतो. म्हणजे ते जवळजवळ सांगतेच आहे की मला ठाऊक नाही. मला ही रीत आवडते ती यासाठी. आलेखातली मधली रेष गुळगुळीत दिसते म्हणून वाचक तिच्यावरच बोट ठेवतो, पण शिकण्यासारखे सगळे पट्ट्यात असते.

अर्थात कर्नल चुकीचा निवडला की पट्टाही खोटे बोलतो. क्वेसारांच्या तेजासाठी एक साधा नमुना रूढ आहे: तेज कुठेही भरकटते, पण कोणीतरी त्याला हळूहळू सरासरीकडे ओढत असते. ब्रँडन केली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तो पुढे आणला आणि अनेक क्वेसारांना तो बऱ्यापैकी लागू पडला. या भरकटण्याची एक खोड आहे. थोडाच काळ पाहिले तर त्यात लाटा दिसतात. पीजी १३०२-१०२ या क्वेसारमध्ये सुमारे ५.२ वर्षांचा आवर्तकाल असल्याचे २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, तिथे दोन महाकाय कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असावीत असा अर्थ लावला गेला. हाताशी असलेल्या मुख्य नोंदी नऊ वर्षांच्या, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्याही नाहीत. पुढच्याच वर्षी सायमन वॉन आणि इतरांनी दाखवले की नुसत्या भरकटणाऱ्या, आवर्तन नसलेल्या नमुन्यातूनही असे साळसूद आवर्तन हजारो क्वेसारांमागे कुठे ना कुठे निघतेच. यात खंड भरताना आवर्ती कर्नल घातला तर यंत्र रिकाम्या जागेतही लाटा काढून देईल, आणि मग त्या लाटा मोजणारा म्हणेल की पाहा, किती फेऱ्या झाल्या.

न्यूरल नेटवर्कची तऱ्हा वेगळी. गॉसियन प्रोसेसला माणूस नियम सांगतो. न्यूरल नेटवर्क लाखो ताऱ्यांचे प्रकाशवक्र पाहून नियम स्वतः उचलते. शिकवण्याची पद्धत साधारण अशी: पूर्ण नोंदीतले काही बिंदू झाकायचे, बाकीचे दाखवायचे, आणि झाकलेले सांग म्हणायचे. चुकले की आतले आकडे थोडे सरकवायचे. हे कोट्यवधी वेळा. सेफिड, आरआर लायरी अशा ठरावीक आकाराच्या प्रकाशवक्रांवर हे यंत्र झकास चालते, कारण त्या जातीच्या हजारो ताऱ्यांनी त्याला आकार पढवलेला असतो. एका ताऱ्याचे पंधरा-वीसच बिंदू असले तरी उरलेली वाट ते जातीवरून ओळखते.

जात ओळखण्याची ही ताकद हीच त्याची अडचणही आहे. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. टॅबेथा बोयाजियन यांच्या नावाने तो ओळखला जातो. केप्लरने चार वर्षे दर अर्ध्या तासाला त्याचे तेज मोजले. मार्च २०११ मध्ये ते १५ टक्क्यांनी उतरले, फेब्रुवारी २०१३ मध्ये २२ टक्क्यांनी. मधल्या काळात बहुतेक वेळ तारा अगदी शांत. संगणकाच्या ठरावीक चाळण्यांनी त्याकडे लक्ष दिले नव्हते. ‘प्लॅनेट हंटर्स’ या उपक्रमातल्या हौशी लोकांनी डोळ्यांनी आलेख पाहताना ते टिपले. आता कल्पना करा की दुसरी घसरण यान माहिती पाठवत असताना किंवा बंद पडले असताना झाली असती. कोणतेही शिकवलेले यंत्र त्या जागी सरळ रेष ओढून मोकळे झाले असते, आणि बारीक पट्टा देऊन. विचित्र असे काही घडले असेल ते सरासरीवर शिकलेल्या यंत्राकडून परत मिळत नाही, आणि खगोलशास्त्राला नेमके विचित्रच हवे असते. तेव्हा नवीन शोध घेणाऱ्याने भरलेल्या नोंदी वेगळ्या रंगात, वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात. हा नियम पाळणारे कमी आहेत, हे खेदाने नमूद करतो.

नोंदींच्या फाइलमध्ये एक बारीक खूण असते, तिच्याकडे लक्ष वेधतो. रूपविकारी ताऱ्यांचे वेध जमवणारी अमेरिकन संघटना एएव्हीएसओ १९११ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी सांभाळते. तिच्या यादीत एका ओळीत ज्युलियन दिनांक, प्रत, आणि पुढे आणखी काही रकाने. बहुतेक ओळींत प्रत ९.२, ९.५ अशी. मधूनच एखाद्या ओळीत आकड्याआधी ‘<’ अशी खूण. अर्थ असा की त्या रात्री निरीक्षकाने पाहिले, तारा दिसला नाही, त्या आकड्याच्या प्रतीपर्यंतचे शेजारचे तारे मात्र दिसत होते. तेव्हा हा त्याहून मंद असला पाहिजे. संगणकावर घेताना ही ओळ आकडा नाही म्हणून गळून पडते. दहा ओळींच्या कोडमध्ये ती कधी गळली हे कळतही नाही. परिणाम? तारा मंद होतो तेव्हाच्या नोंदी पद्धतशीर नाहीशा होतात, आणि यंत्राला शिकवण मिळते की हा तारा फारसा मंद होतच नाही. मग ते खंड भरते तेही उजळ रेषेने. ढगामुळे गेलेली रात्र आणि तारा अंधुक झाल्यामुळे गेलेली रात्र या आलेखावर सारख्याच कोऱ्या दिसतात. पहिलीत ताऱ्याबद्दल काहीच माहिती नाही, दुसरीत पुष्कळ आहे. या पुस्तकातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले प्रकरण याच ‘<’ च्या ओळी हिशेबात कशा घ्यायच्या यावर आहे, आणि ते सर्वांत रूक्ष आहे. वाचकाने चिकाटी धरावी.

हे सगळे आता तातडीचे का झाले, तर चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळा उभी राहिली आहे. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. पहिली चित्रे जून २०२५ मध्ये जगाला दाखवली गेली. दक्षिणेचे आकाश ती दहा वर्षे पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि रात्रीला बदलांच्या सुमारे एक कोटी सूचना देणे अपेक्षित आहे. आकडा प्रचंड वाटतो. पण आकाशातल्या एका जागेच्या वाट्याला काय येते ते पाहा: दहा वर्षांत सुमारे आठशे भेटी, त्या सहा रंगांच्या फिल्टरांत वाटलेल्या. सरासरी काढली तर एका रंगात महिन्याला एखादीच, आणि त्यातही काही महिने सूर्यामुळे कोरे. एखादा अतिनवतारा दोन-तीन आठवड्यांत चढून उतरणीला लागतो. एका रंगाचे बिंदू घेतले तर त्याचे शिखर सुटलेलेच असते. सहाही रंग एकत्र धरले तरच काही हाती लागते.

याची रंगीत तालीम २०१८ साली कॅगल या संकेतस्थळावरच्या ‘प्लास्टिक’ या स्पर्धेत झाली. रुबिनच्या नोंदी कशा दिसतील याची नक्कल करून सुमारे ३५ लाख खगोलीय वस्तूंचे तुटक प्रकाशवक्र दिले आणि कोण काय आहे ते ओळखा म्हणून सांगितले. शिकवण्यासाठी उत्तरासकट दिलेल्या वस्तू आठ हजारांहूनही कमी, त्याही बहुतेक जवळच्या आणि उजळ. हजाराहून अधिक संघ उतरले. पहिला आला काइल बून. त्याने काळ आणि तरंगलांबी अशा दोन्ही दिशांनी गॉसियन प्रोसेस लावली, म्हणजे निळ्या रंगातला वेध तांबड्या रंगातली रिकामी जागा भरायला मदत करी. पण त्याची खरी हुशारी मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. भरलेले, नीट प्रकाशवक्र हाती आल्यावर त्याने ते मुद्दाम बिघडवले: वस्तू दूर नेऊन मंद केली, बिंदू काढून टाकले, चुका वाढवल्या. जवळच्या उजळ वस्तूंपासून दूरच्या अंधुक वस्तूंच्या नकला तयार केल्या आणि यंत्राला त्यांवर शिकवले. परीक्षेत जशा तुटक नोंदी येणार तशाच सरावात.

खंड न भरताही चालते, हेही सांगायला हवे. पुण्याच्या आयुकातून पुढे कॅलटेकला गेलेले आशिष महाबळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक वेगळी वाट दाखवली. ताऱ्याच्या उपलब्ध वेधांतून दोन-दोन बिंदूंच्या सगळ्या जोड्या घ्यायच्या. प्रत्येक जोडीत काळाचा फरक किती आणि प्रतीचा फरक किती हे एका चौकटीत मांडायचे. कुठल्या चौकोनात किती जोड्या पडल्या यावरून एक चित्र तयार होते, आणि चित्रे ओळखणारे न्यूरल नेटवर्क ते चित्र पाहून ताऱ्याची जात सांगते. रिकाम्या जागेचा प्रश्नच उरत नाही, कारण जिथे वेध नाही तिथे जोडीही नाही. ताऱ्याची जात एवढेच हवे असेल तर मला हा मार्ग अधिक सरळ वाटतो. त्याआधीची लोम आणि स्कार्गल यांची १९७६ आणि १९८२ सालची रीतही याच घराण्यातली: आवर्तकाल शोधायचा, तोही विस्कळीत तारखांवरून, एकही बिंदू पदरचा न घालता. उलट सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या कंपनांचा वर्णपट काढायचा असेल, किंवा दोन प्रतिमांमधला विलंब, तर सलग नोंदीशिवाय अडते आणि कोणत्या ना कोणत्या रूपात भरणे आलेच.

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन शब्द. गणित सोडून पुढे जायचे असेल तर खुशाल जावे, पण यंत्रांची परीक्षा घेण्याचे प्रकरण सोडू नये. त्यात सांगितलेला प्रयोग वाचकाने स्वतः करून पाहावा. मीराच्या नोंदी एएव्हीएसओकडून मोफत मिळतात. आधी त्यांतले दहा टक्के बिंदू इकडून तिकडून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, काढा आणि यंत्राकडून भरून घ्या. उत्तर इतके छान येईल की हुरळून जायला होईल. बहुतेक शोधनिबंधांतली शाबासकी अशाच परीक्षेवर मिळालेली असते. प्रत्येक काढलेल्या बिंदूच्या शेजारी दोन-चार दिवसांवर दुसरा बिंदू बसलेला असतो, त्यात यंत्राचा पराक्रम काही नाही. मग तेच बिंदू परत ठेवा आणि एक सलग तुकडा कापून टाका, नव्वद दिवसांचा, शिखर त्याच्या मधोमध येईल असा. पुन्हा भरून घ्या. आता खऱ्या बिंदूंपैकी किती यंत्राच्या पट्ट्यात पडतात ते मोजा: पट्टा ९५ टक्क्यांचा असल्याचा यंत्राचा दावा असेल तर शंभरातले पंचाण्णव आत यायला हवेत. साठच आले तर पट्टा खोटा. शंभरच्या शंभर आले आणि पट्टा पहिल्या प्रतीपासून दहाव्या प्रतीपर्यंत पसरला असेल, तर तो खरा आहे पण कामाचा नाही. दोन्हींच्या मधले उत्तर आणायला कर्नलमध्ये काय बदलावे लागले ते लिहून ठेवा, आणि मग तो तुकडा दुसऱ्या वर्षातला घेऊन पाहा.